दुसरं कडवं

आमच्या चाळीतल्या एका मुलाच्या बँडची रेकॉर्ड निघाली, गाणं चाललं आणि माझं शिक्षण बंद झालं. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं आज कोणी विचारलं तर मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो तेव्हाच्या लोकांचा. त्यांना हा संबंध इतका सरळ वाटला की कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

चाळ बोरिवलीला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे. बैठी, पत्र्याची, चार गल्ल्यांची. बहुतेक घरं कोकणातली आणि बहुतेक घरांतला कर्ता पुरुष गिरणीत. म्हणजे संपापर्यंत. संपानंतर कोणी सिक्युरिटीत लागला, कोणी भाजी विकायला बसला, कोणी गावी गेला तो गेलाच. माझे वडील गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होते. हातात कसब होतं म्हणून आम्ही तरलो. त्यांनी नाक्यावर एक गाळा घेतला. गाळा म्हणायचं आपलं, दोन दुकानांमधली फट होती ती. तिथे ते रेडिओ, टेपरेकॉर्डर, मिक्सर दुरुस्त करायचे आणि शाळा सुटली की मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसायचे. सोल्डरिंग मी तिथेच शिकले, बोटं भाजून घेत.

दहावीनंतर वडिलांनीच माझा फॉर्म मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये भरला, इलेक्ट्रॉनिक्सला. आईला ते फारसं पटलेलं नव्हतं. पण वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘माझा मुलगा नाय, मुलगी बघते ह्यातलं.’ डिप्लोमाची दोन वर्षं पार पडली, तिसरं राहिलं. ते झालं की अंधेरीला, सीप्झच्या कारखान्यांत मुलींना घेत होते. पांढरा कोट, एसी, महिन्याचा पगार. मला फक्त ते तिसरं वर्ष हवं होतं. त्या वयात मुली आणखी काय काय मागतात. मी एवढंच मागत होते.

बँड तिघांचा होता. गाणारा, गिटार वाजवणारा मुलगा आमच्याच चाळीतला, तिसऱ्या गल्लीतला. आई आणि तो, दोघंच राहायचे. त्याचे वडीलही गिरणीतले. ते आता भिवंडीला पॉवरलूमवर असतात, सुट्टी मिळत नाही म्हणून येत नाहीत, असं त्याची आई सांगायची. ड्रमवाला जेट्टीजवळच्या कोळ्यांचा मुलगा, आणि बेस वाजवणारा खाडीपलीकडच्या गोराईतला, ख्रिश्चन. तो फेरीबोटीने यायचा, कधी गिटार डोक्यावर धरून. ड्रमवाल्याच्या वडिलांची जाळी आणि बर्फ ठेवायची एक शेड होती. तिथे सुक्या बोंबलाच्या वासात यांची प्रॅक्टिस चाले. मराठीत असलं संगीत तेव्हा कोणी करत नव्हतं. चाळीतल्या म्हाताऱ्यांना ते डबे बडवल्यासारखं वाटे आणि ते तसं बोलूनही दाखवत.

त्यांचा अॅम्प्लिफायर घरी बनवलेला होता आणि सारखा घूं करायचा. एकदा तो बंदच पडला, तेव्हा गाणारा वडिलांकडे आला. गाळ्यात मिक्सरांची रांग लागली होती. वडील मान वर न करता मला म्हणाले, ‘तू जा. अर्थिंगचा लोच्या असणार. बघून ये.’

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मला तिथे वडिलांनी पाठवलं.

मग मी जात राहिले. तो अॅम्प्लिफायर म्हणजे एक रोगी होता. एक दुखणं बरं केलं की दुसरं वर यायचं. मी शेडमध्ये बर्फाच्या पेटीवर बसून सोल्डर मारायचे आणि हे तिघं भांडायचे, वाजवायचे, पुन्हा भांडायचे. संध्याकाळी जेट्टीवरून चाळीकडे मी आणि गाणारा एकाच रस्त्याने परतायचो, कारण रस्ता एकच होता. त्याच्या हातात गिटार, माझ्या पिशवीत सोल्डरिंगचं आयर्न आणि मीटर. आमच्यात काही नव्हतं. आता या वयात खोटं बोलून मला काय मिळणार आहे? काही नव्हतंच.

त्यांनी जे गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं होतं ते असं सुरू व्हायचं:

चौथं दार, निळा पडदा,
दिसलीस तिथे एकदा...

आणि मग तिघं मिळून ओरडायचे:

पडदा हलव, पडदा हलव,
आहेस आत, एवढं कळव!

त्याआधी गिटारवर चार सूर होते, चढत जाणारे. एकदा ऐकले की दिवसभर डोक्यातून जात नसत. गाण्याचं दुसरं कडवं मात्र वेगळंच होतं. तिथे ड्रम थांबायचा आणि तो जवळजवळ बोलल्यासारखं गायचा:

ताट झाकून उंबऱ्याशी
बोलत बसते कंदिलाशी;
जो गेला तो येत नाही,
ती कुणाला सांगत नाही.

एका संध्याकाळी बाकीचे दोघं बाहेर विड्या ओढायला गेले असताना मी त्याला विचारलं, ‘प्रेमाच्या गाण्यात हे ताट कुठून आलं रे? ही बाई वाट कोणाची बघते?’

तो गिटारची खुंटी पिळत बसला. मग म्हणाला, ‘आमचं दार पण चौथंच आहे.’

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. वडील भिवंडीला नव्हते. संपाच्या दुसऱ्या वर्षी गावी जातो म्हणून गेले आणि तिकडे दुसऱ्या बाईबरोबर राहिले. मामाने जाऊन पाहिलं होतं. आई तरीही रोज ताट वाढून झाकून ठेवायची. हे गाणं म्हणजे वडील परत आलेत, दाराबाहेर उभे आहेत आणि आत जायची लाज वाटते आहे, असं त्याने कल्पून लिहिलं होतं. ‘बाबाच म्हणतायत असं समज,’ तो म्हणाला. ‘पण कोणाला बोलू नको. ह्या दोघांना पण माहीत नाही. त्यांना वाटतं पोरीवर लिहिलंय.’

मी कोणाला बोलले नाही.

रेकॉर्ड अंधेरीच्या एका छोट्या कंपनीने काढली. छोटी तबकडी, एका बाजूला हे गाणं, दुसऱ्या बाजूला एक इंग्रजी वळणाचं, जे कोणी कधी लावलंच नाही. तबकडी आली तेव्हा पंचाईत ही, की चाळीत एकाच्याही घरी चालू रेकॉर्ड प्लेयर नव्हता. वडिलांकडे एका गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला होता, तो त्यांनी घरी आणला. म्हणजे त्या गाण्याचं प्रकाशन म्हणा, काय म्हणा, ते आमच्या घरात झालं. दुसऱ्या गल्लीतलं चौथं दार. आणि दाराला निळा पडदा.

तो पडदा गिरणीच्या फेंटचा होता. फेंट म्हणजे ताग्याचे उरलेसुरले तुकडे, कामगारांना स्वस्तात मिळायचे. एका वर्षी निळा माल निघाला होता, म्हणून चाळीतल्या अर्ध्या दारांना तोच निळा पडदा होता. कोणाकडे त्याच कापडाचा परकर, कोणाकडे उशीचे अभ्रे. गाणाऱ्याच्या दारालाही तोच. पण त्या दिवशी सगळी चाळ आमच्या दाराशी गोळा झाली होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होता तो आमचा.

गाणाऱ्याच्या आईने आधी तबकडीला हळदकुंकू वाहिलं. नवी वस्तू घरात आली की वाहतात तसं, थेट तबकडीवरच. वडील ‘अहो वहिनी, वहिनी’ करत धावले आणि त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने ते पुसून काढलं. लोक हसले. मग सुई टेकली. चार सूर वाजले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, ‘झकास रे’ म्हणून कोणीतरी ओरडलं. ‘पडदा हलव’ आलं तेव्हा दारातल्या एका पोराने खरोखरच आमचा पडदा धरून हलवला. हशा झाला तो थांबेचना. त्या हशात दुसरं कडवं सुरू झालं आणि संपलं. ते दोघींनीच ऐकलं. मी प्लेयरजवळ होते. आणि त्याची आई भिंतीला टेकून उभी होती, तिने पदर तोंडाशी घेतला आणि ‘दूध ठेवलंय गॅसवर’ म्हणून ती निघून गेली.

चाळीचं ठरलं ते त्याच दिवशी. चौथं दार, निळा पडदा, संध्याकाळी जेट्टीवरून बरोबर येणं, आणि प्रकाशनही तिच्याच घरी; आणखी काय पुरावा हवा?

रेकॉर्ड फारशी विकली गेली नाही. पण स्टेशनजवळच्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदाराला तो माल दिसला. त्याने एका तबकडीवरून कोऱ्या कॅसेटी भरायला सुरुवात केली आणि गणपतीच्या आधी ते गाणं बोरिवलीपासून खाली कुठवर पोचलं कोण जाणे. रिक्षात वाजायचं, पानाच्या गादीवर वाजायचं. बँडला त्याचं काही मिळालं नाही, पण नाव झालं म्हणून तिघं खूश होते. या कॅसेटी भरणाऱ्यांनी एक गोष्ट केली. दुसरं कडवं संथ होतं, लोक कंटाळतात, म्हणून त्यांनी ते कापलं. पहिलं कडवं, मग ‘पडदा हलव’ दोनदा, की पुढचं गाणं.

माझ्या वाट्याला ते चार सूर आले. शब्दही लागायचे नाहीत. मी नाक्यावरून गेले की कोणीतरी ते चार सूर शिट्टीवर घ्यायचा आणि पलीकडून दुसरा पुरे करायचा. शिट्टी वाजवणाऱ्याला काय म्हणणार? तो म्हणणार, गाणं म्हणतोय ताई, तुम्हाला काय झालं. बस स्टॉपवर तेच, पॉलिटेक्निकच्या फाटकाशी तेच. मग तिथल्या मुलींनाही कळलं आणि ‘तीच ना गं ती’ सुरू झालं. एकदा मी उलट फिरून एकाच्या थोबाडीत दिली. संध्याकाळपर्यंत चाळीत बातमी आली ती अशी की पोरीचं नाक्यावर भांडण झालं, दोन मुलांमध्ये, तिच्यावरून.

खरी वाट लावली ती आमच्या आईने, आणि बिचारीने ती चांगल्या मनाने लावली. एका सकाळी तिने निळा पडदा काढला आणि जुन्या साडीचा, फुलाफुलांचा शिवून लावला. तिला वाटलं पडदा गेला की बोलणं जाईल. पण चाळीतल्या कोणीही आपला निळा पडदा काढला नव्हता. काढला फक्त आम्ही. शेजारीण नळावर म्हणाली, ‘चोराच्या मनात चांदणं.’ तोवर निम्म्या लोकांना तरी शंका होती. त्या फुलाफुलांच्या पडद्याने ती फिटली.

मी आईवर खूप ओरडले. ती रडत म्हणाली, ‘मग काय करू गं? लावू परत?’ परत लावून तरी काय होणार होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

वडिलांची मोठी कोंडी झाली होती आणि ती मला गाळ्यात दिसायची. टेपरेकॉर्डर बिघडतो तो बहुतेक वेळा कॅसेट आत अडकून. गिऱ्हाईक मशीन तसंच आणून टाकतं. आणि त्या महिन्यांत ज्याच्या त्याच्या मशीनमध्ये एकच कॅसेट. वडील झाकण उघडायचे, गुंतलेली टेप काडीने सोडवायचे, हेड साफ करायचे आणि मग मशीन नीट चालतं की नाही हे बघायला बटण दाबायचे. समोर गिऱ्हाईक उभं. चार सूर वाजायचे. गिऱ्हाईक आधी मशीनकडे बघायचं, मग वडिलांकडे, मग स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे. काही दिवसांनी वडिलांनी तपासण्यासाठी भजनाची एक कॅसेट ठेवली. पण लोक म्हणायचे, ‘आमचीच लावून दाखवा ना, ती चालते का बघू.’ तेव्हा लावावी लागे. एक दिवस ते म्हणाले, ‘तू उद्यापासून गाळ्यावर नको येऊ.’ मी गेले नाही. आता वाटतं, त्या दिवशीच मला कळायला हवं होतं.

मंडळाच्या गणपतीचं लाईट आणि साउंड वडीलच बघायचे, दरवर्षी, फुकट. मांडवात संध्याकाळी फर्माइशी वाचत. चिठ्ठी द्यायची, माइकवर नाव घेऊन गाणं लागायचं. आरतीच्या आधी मांडव भरला होता, बायका ताटं घेऊन उभ्या होत्या, आणि माइकवरचा मुलगा हसू दाबत म्हणाला, ‘पुढचं गाणं, दुसऱ्या गल्लीतल्या चौथ्या दारासाठी, सर्व मित्रांकडून.’ वडील अॅम्प्लिफायरच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांनी उठून मेन स्विच खाली ओढला. आवाज गेला, आणि दिवेही गेले, कारण लाईन एकच होती. मूर्तीसमोरच्या समईच्या उजेडात सगळे वडिलांकडे बघत राहिले.

मग जे भांडण झालं ते सांगत नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘देवाच्या मांडवात अंधार केलात तुम्ही. घरातली भानगड घरात ठेवायची.’ भानगड हा शब्द पहिल्यांदा उघड बोलला गेला तो तिथे. वडिलांनी पुन्हा स्विच वर केला, आरती होईपर्यंत थांबले आणि घरी आले. त्यानंतर मंडळाने त्यांना बोलावलं नाही, आणि तेही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले. गाणारा एकटाच होता. मी म्हटलं, ‘एकदा येऊन माझ्या बाबांसमोर आणि त्या अध्यक्षासमोर सांग, गाणं माझ्यावर नाही. बाकी काही नको.’

‘मग विचारतील ना, कोणावर आहे.’

‘सांग कोणावर नाही. उगाच लिहिलंय.’

‘यार, सांगितलं मी ते. कोण ऐकतंय? हसतात. म्हणतात, तिला वाचवतोय.’ तो जाळ्याच्या ढिगावर बसला. ‘खरं सांगितलं तरच पटेल. आणि ते सांगू शकत नाही. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली आहे. तुला कळत नाही का? टाकलेली म्हणतील तिला. हळदीकुंकवाला कोण बोलवणार नाही. ओटी भरू देणार नाहीत कोणाची. गावात, इथे, सगळीकडे. त्या एका भिवंडीवर जगते ती.’

‘आणि मी कशावर जगू?’

त्याने जाळ्यातली एक गाठ सोडवायला घेतली. मग म्हणाला, ‘थोडे दिवस जाऊ दे. गाणं जुनं होईल. विसरतात लोक.’

मला त्याचा इतका संताप आला की समोरचा अॅम्प्लिफायर उचलून खाडीत टाकावासा वाटला. पण तो मी माझ्या हाताने जोडलेला होता. मी घरी आले.

घरी येऊन मी वडिलांना खरं सांगितलं. त्याची शपथ त्याच्यापाशी, मी शपथ घेतली नव्हती. आई बाहेर गेली होती. वडिलांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, ‘मला संशय होता. भिवंडीला आमच्या खात्यातले तिघं आहेत. त्यांना तो कधी दिसला नाही.’

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, ‘मग तुम्हाला पटलं ना?’

‘मला पहिल्यापासून पटलेलंच आहे गं. मीच तुला पाठवलं होतं तिथे. पण मला पटून काय उपयोग? चाळीला पटलं पाहिजे.’

‘मग चाळीला सांगा.’

‘त्या बाईची अब्रू काढून तुझी झाकू?’ ते म्हणाले. ‘तिला नवरा नाही. तुला बाप आहे.’

हे वाक्य मी आयुष्यभर उलटंपालटं करून पाहिलं आहे. ते वाईट माणसाचं वाक्य नव्हे. माझे वडील सज्जन होते, आणि त्यांच्या त्या सज्जनपणाची किंमत मी दिली. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मला बाप होता म्हणून काय झालं, तर त्या बापाने माझं तिसरं वर्ष बंद केलं. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. फी भरायची तारीख आली आणि गेली. माझा मीटर आणि आयर्न त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले, आणि आईला सांगितलं की कणकवलीला एक स्थळ आहे, मुलगा कचेरीत कारकून आहे, तिकडे ही गाणीबिणी पोचलेली नाहीत.

मी भांडले. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी वडीलही जेवायला बसेनात, आणि आई दोन ताटांसमोर रडत बसली, तेव्हा मी जेवले. चाळीला मी स्वतः जाऊन का सांगितलं नाही, असं कोणी विचारेल. एकदा निघाले होते. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी गेले. त्याची आई आपल्या चौथ्या दारात तांदूळ निवडत बसली होती, कपाळावर हे एवढं कुंकू. तिने मला पाहिलं आणि सुपावरचे हात थांबवले. मी परत फिरले. दया आली म्हणून नव्हे. तिच्याकडे बघून मला भीती वाटली.

लग्न बोरिवलीतच झालं, एका हॉलमध्ये. वडिलांनी कसूर ठेवली नाही. साउंड दुसऱ्या कोणाला दिला होता, कारण मुलीच्या बापाने कोट घालून दारात उभं राहायचं असतं. अक्षता पडल्या, जेवणावळ सुरू झाली, आणि साउंडवाल्याने सनई बंद करून गाणी लावली. त्याला कोण सांगणार? त्याच्याकडे त्या सीझनची कॅसेट होती, त्याने ती घातली. चार सूर वाजले.

मी खुर्चीवर बसले होते, मुंडावळ्या बांधलेल्या. चाळीतले लोक एका पंगतीत होते. तिथे आधी कुजबुज झाली आणि मग सगळे एकदम पानात बघून जेवायला लागले. स्पीकरमधून घूं असा आवाज गाण्याच्या मागे चालला होता. अर्थिंग सुटलं होतं. मला बसल्या जागी कळलं, आणि हॉलच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या वडिलांनाही कळलं. त्यांनी मान वळवून स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन मिनिटांचं काम होतं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

माझा नवरा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, ‘गाणं चांगलं आहे. कुठलं हे?’

‘माहीत नाही,’ मी म्हटलं. आमच्या संसारातलं माझं हे पहिलं वाक्य.

तेवढ्यात ओटी भरायला बायका आल्या. आमच्याकडे ओटी भरायला सवाष्णच लागते. आईने चाळीतल्या पाच जणींना सांगितलं होतं, आणि त्यांत गाणाऱ्याची आई होती. तिला वगळायचं काही कारणच नव्हतं. तिचा नवरा भिवंडीला होता. नवं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला ते कुंकू. आधीच्या चौघी भरून गेल्या. ती पुढे झाली, तिने मला कुंकू लावलं, माझ्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला. थोडे तांदूळ खाली सांडले. वरती ‘पडदा हलव’ दुसऱ्यांदा झालं आणि गाणं कापून पुढचं लागलं.

ती माझ्या कानाशी आली. ‘दुसरा कडवा मेले कोण लावतच नाय,’ ती म्हणाली. ‘त्या कडव्यात मी आसंय. तुका ठावक होता गो. तरी तू काय बोलाक नाय. देव तुझा बरा करो.’

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. नळावर, मांडवात, फी भरायच्या दिवसांत, सगळा वेळ ती तिथेच होती आणि तिला माहीत होतं. मला ते तांदूळ तिच्या तोंडावर फेकावेसे वाटले. एवढी चाळ समोर बसली आहे, एवढा माइक आहे, उठावं आणि ते चार ओळींचं कडवं म्हणून दाखवावं असं वाटलं. शब्द मला पाठ होते. आजही आहेत.

ती समोर उभी राहिली होती, जात नव्हती. बाजूने आई म्हणाली, ‘अगं, पाया पड.’ ओटी भरणाऱ्या सवाष्णीच्या पाया पडायचं असतं. मी पदरातला नारळ सांभाळत वाकले आणि तिच्या पाया पडले.